पाणी घातलं की गं

या सदरासाठी जी पत्रं येतात त्यांतली निम्मी तरी एकाच प्रश्नाची असतात : झाडाला पाणी कधी घालायचं आणि किती घालायचं? निपाणीच्या वाचक विचारतात, खानापूरच्या विचारतात, गोकाकहून एक आजोबा दर उन्हाळ्यात न चुकता विचारतात. माझं उत्तरही ठरलेलं. मातीत बोट घाला, दुसऱ्या पेरापर्यंत कोरडं लागलं तर पाणी घाला, ओल लागली तर तांब्या खाली ठेवा. उत्तर चुकीचं नाही. पण गेल्या वर्षी माझ्याच अंगणातला १९ वर्षांचा मोगरा जास्तीच्या पाण्यानं गेला, आणि त्यात माझा स्वतःचा हात होता. दुसऱ्यांना बोट घालायला सांगणाऱ्या बाईनं स्वतःचं बोट घातलं नव्हतं. तेव्हा आज हा विषय पुन्हा घेते, आणि या खेपेला जरा नीट घेते.

मोगरा सासूबाईंचा. त्या धारवाडच्या, माहेर सगळं कन्नड. लग्नाला साठ वर्षं होऊन गेली तरी देवाशी आणि झाडांशी त्या कन्नडच बोलतात, आमच्याशी मराठी आणि नातवंडांशी दोन्ही. मोगऱ्याला त्या आजही ‘मल्लिगी’च म्हणतात. माहेरच्या परसातली काडी आणून त्यांनी ती अर्ध्या ड्रममध्ये लावली होती. गुडघे धरल्यापासून स्वयंपाक सुटला, बाजार सुटला, देवळात जाणं सुटलं. सकाळी झाडांना पाणी घालणं हे एवढं एक काम त्यांच्या हाती राहिलं होतं, आणि ते त्या कुणाला करू देत नसत.

गेल्या एप्रिलात मोगरा मलूल दिसायला लागला. पानं खाली लोंबलेली, खालची पिवळी पडत चाललेली. ऊन कडक होतं, मला वाटलं पाणी कमी पडतंय. आईंनी सकाळी घातलेलं होतंच, मी संध्याकाळी आणखी एक बादली घालायला लागले. मोगरा आणखी मलूल. मी आणखी घातलं. मेच्या पहिल्या आठवड्यात ड्रम आडवा केला तेव्हा आंबूस वास आला, मुळ्या तपकिरी झालेल्या, बोटांनी ओढल्या तर साल हातात आणि आतला दोरा मातीत. मुळं कुजली होती.

आता यातली मेख नीट समजून घ्या, कारण कुंड्यांतली बहुतेक झाडं तहानेनं नाही, अशीच जातात. मुळांना पाणी लागतं तशी हवाही लागते. मातीच्या कणांमध्ये ज्या बारीक पोकळ्या असतात त्यांत थोडं पाणी आणि थोडी हवा, दोन्ही असावं लागतं. पोकळ्या सतत पाण्यानं भरलेल्या राहिल्या की मुळांना प्राणवायू मिळत नाही, ती काम करेनाशी होतात, मग कुजवणाऱ्या बुरश्यांचं फावतं. मुळं निकामी झाली की झाड पाण्यात उभं राहूनही पाणी वर ओढू शकत नाही. म्हणजे पानं अगदी तहानेल्या झाडासारखीच लोंबतात. आपण बघतो, कळवळतो आणि आणखी पाणी घालतो. तहानेल्या झाडाची आणि बुडालेल्या झाडाची पानं बघून फरक पटकन कळत नाही; तो मातीत हात घातल्यावरच कळतो. माती कोरडी आणि झाड मलूल, तर पाणी. माती ओली आणि झाड मलूल, तर पाणी ताबडतोब बंद, कुंडी सावलीत, आणि माती मोकळी करून बघायची.

आणखी एक फसगत दुपारची. भर उन्हात भोपळ्याचा वेल, दासवाळ, म्हणजे आपली जास्वंद, पानं टाकून उभी राहते. पानांतून जितकं पाणी उडतं तितकं मुळं तेवढ्या वेळात पुरवू शकत नाहीत, एवढंच कारण. ऊन उतरलं की बहुतेक वेळा आपोआप सावरते. म्हणून दुपारच्या पानांवर विश्वास ठेवू नये. झाडाची परीक्षा सकाळी सातला. रात्रभर गारवा मिळूनही पानं वर आली नसतील तर खरोखर काहीतरी बिघडलंय.

हे सगळं मला ठाऊक होतं हो. तरी मी बादली घालत राहिले.

पण मोगऱ्याचं सगळं पाप माझ्या एकटीच्या बादलीचं नव्हतं. तो काढून टाकला त्याच आठवड्यात मी सकाळी सुट्टी घेऊन घरी होते. आई साडेसहाला उठल्या, नळी लावून सगळ्या कुंड्यांना पाणी घातलं. नाश्ता केला. नऊला पुन्हा नळी हातात. मी म्हटलं, ‘‘आई, आत्ता घातलंत ना पाणी?’’ त्या म्हणाल्या, ‘‘छे गं, आज कुठं घातलं?’’ साडेअकराला तिसऱ्यांदा. तेव्हा विचारलं तर उलट उत्तर आलं, ‘‘पाणी घातलं की गं,’’ आणि म्हणता म्हणता नळी सुरूच. माझ्या पोटात धस्स झालं. मुलगा नवऱ्याच्या कानावर घालायला निघाला तर त्याला मी थांबवलं; आधी माझंच मला नीट बघायचं होतं. पुढचे चार दिवस मी बघितलं. मग डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी जे सांगितलं ते इथं लिहीत नाही, वयाच्या ८४व्या वर्षी घराघरांत जे सांगितलं जातं तेच ते.

घरात मग मसलत झाली. बंगळूरहून धाकट्याचा सल्ला आला की ठिबकच्या नळ्या टाकून टायमर लाव, झंझट मिटेल. सल्ला वाईट नाही. दहापेक्षा जास्त कुंड्या असलेल्या आणि नोकरी करणाऱ्या घरांना मी स्वतः तेच सुचवते. पण आमच्याकडे झंझट पाण्याची नव्हती. टायमर लावला असता तर झाडं जगली असती आणि आईंच्या हातातलं उरलंसुरलं काम गेलं असतं. मी नाही म्हटलं. त्याऐवजी बाग अशी करायची ठरवली की तीनदा पाणी घातलं तरी काही बिघडू नये. आता वर्ष होत आलं, त्यात मी काय काय केलं ते सांगते. तुमच्या घरी आजी नसली तरी उपयोगी पडेल.

पहिली गोष्ट, नळी काढून टाकली. नळीनं किती पाणी गेलं ते कुणालाच कळत नाही, अगदी मलाही नाही. त्याजागी पितळी तांब्या आणि बादली. आठ इंची कुंडीला भरदिवसा उन्हाळ्यात असा एक तांब्या, दहा-बारा इंचीला दीड-दोन, असा माझा अंदाज. पण खरा मापदंड कुंडीच्या बुडाशी असतो. पाणी सावकाश घालायचं आणि खालच्या भोकातून थेंब यायला लागले की थांबायचं. रोज वरवर शिंपडलेलं पाणी वाईट, कारण वरचा इंचभर भिजतो, मुळं वरच राहतात आणि पहिल्या कडक दिवशी भाजतात. एकदा पोटभर, मग कोरडं पडेपर्यंत वाट बघायची.

दुसरी गोष्ट, माती. आपल्या भागात दोन जातीच्या जमिनी आहेत. पश्चिमेला, खानापूरकडे तांबडी माती, जिला कन्नडमध्ये मसारी म्हणतात. पूर्वेला, बैलहोंगल-अथणीकडे काळी, म्हणजे एरे. तांबडीतून पाणी लवकर निघून जातं, काळी ते धरून ठेवते आणि वाळली की भेगाळते. तुमच्या कुंडीत कुठली आहे त्यावर सगळं अवलंबून. एकाच दिवशी, एकाच उन्हात, शेजारशेजारच्या दोन कुंड्यांना वेगवेगळं पाणी लागू शकतं. मी सगळ्या कुंड्या उपसून मातीत जाड वाळू आणि कुजलेलं शेणखत मिसळलं. तळाशी खड्यांचा थर देण्याची आपल्याकडे जुनी पद्धत आहे, त्यानं निचरा सुधारतो हा समज मात्र खरा नाही. बारीक मातीतलं पाणी खालच्या मोठ्या पोकळ्यांत सहजी उतरत नाही, ते थराच्या वरच अडून राहतं. म्हणून भरड जे काही आहे ते सगळ्या मातीत मिसळा. भोकावर माती अडवायला खापरीचा एक तुकडा पुरे.

आणि कुंड्या मातीच्या घेतल्या. खानापूर मडक्यांचं गाव, खादी ग्रामोद्योगची कुंभारकामाची संस्थाही तिथंच, त्यामुळे चांगली भाजलेली कुंडी आपल्याला दूर शोधावी लागत नाही. मातीची कुंडी अंगातून पाणी सोडते, प्लास्टिकची सोडत नाही. त्यामुळे ज्याला पाणी विसरायची सवय त्यानं प्लास्टिक वापरावं, ज्याला पाणी घालत सुटायची सवय त्यानं माती. मातीच्या कुंडीचा आणखी एक फायदा म्हणजे ती बोलते. बोटाच्या पेरानं ठोकून बघा. कोरडी असेल तर ठणठण वाजते, ओली असेल तर बद्द. माझ्या नातवाला हा खेळ इतका आवडला की आता तो शेजाऱ्यांच्याही कुंड्या ठोकत फिरतो.

कुंड्यांखालच्या बशा मी सगळ्या काढल्या. त्यांत साठलेलं पाणी मुळं कुजवतं, आणि डेंगीचा डास अशाच स्वच्छ साठलेल्या पाण्यात आठ-दहा दिवसांत तयार होतो. फरशी खराब होते म्हणून बशी हवीच असेल तर पाणी घातल्यावर अर्ध्या तासानं ती रिकामी करा. पावसाळ्यात तर बशी नकोच. आपला जुलै कसा असतो ते तुम्हाला सांगायला नको. कुंड्या विटांवर उचलून ठेवा, म्हणजे भोकं मोकळी राहतील.

आता ‘कधी’ या प्रश्नाकडे वळू. सकाळी लवकर, ऊन चढायच्या आत, हे उत्तम. माती गार असते, पाणी उडून जात नाही आणि दिवसभराची शिदोरी झाडाला आधीच मिळते. संध्याकाळ दुसऱ्या नंबरची. तेव्हाही घालता येतं, फक्त पानांवर नको, मुळाशी घाला. गुलाबाची पानं रात्रभर ओली राहिली की काळ्या ठिपक्यांचा रोग हमखास येतो. दुपारी घालू नये, पण त्याचं जे कारण आपण लहानपणापासून ऐकलं ते तितकंसं बरोबर नाही. पानावरचा थेंब भिंगासारखा काम करतो आणि पान जाळतो, असं आपण म्हणतो. हंगेरीतल्या संशोधकांनी २०१० मध्ये हे तपासून पाहिलं, तेव्हा गुळगुळीत पानांवर थेंबांनी भाजण्याची खूण सापडली नाही. केसाळ पानांवर तशी शक्यता दिसली, कारण तिथं थेंब पानाला न टेकता केसांवर तोलून राहतो. दुपारचं खरं नुकसान म्हणजे पाणी वाफेवारी जातं, आणि उन्हात पडलेल्या नळीतलं पहिलं पाणी चहासारखं कढत असतं. ते मुळांवर घालू नका.

ऋतूंचा हिशेब फार जुना आहे. वराहमिहिरानं सहाव्या शतकात बृहत्संहितेत वृक्षायुर्वेदाचा एक अध्याय घातला आहे. त्यात लावलेल्या झाडांना उन्हाळ्यात सकाळ-संध्याकाळ, थंडीत एक दिवसाआड आणि पावसाळ्यात जमीन सुकली तरच पाणी द्यावं, असं सांगितलंय. सुकली तरच! माझं बोट घालण्याचं तंत्र दीड हजार वर्षांपूर्वीचं निघालं. थंडीत मी आणखी एक पथ्य पाळते. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे पहाटे चांगलंच गारठतं, तेव्हा पाणी आठ-नऊला, ऊन अंगणात आल्यावर घालते. एप्रिल-मेच्या वळवाच्या सरीवरही भरवसा ठेवू नका. अंगणात चिखल होतो, पण दाट झाडाची पानं छत्रीसारखी पाणी बाहेर टाकतात आणि कुंडी आत कोरडी राहते.

कधी कधी उलटं होतं. गावाहून आठ दिवसांनी आलात, कुंडीतली माती आकसून कडेपासून सुटलेली. तुम्ही पाणी घालता, ते क्षणात खालून बाहेर येतं आणि तुम्हाला वाटतं कुंडी भिजली. भिजलेली नसते, पाणी कडेच्या फटीतून सरळ निसटलेलं असतं. नारळाच्या भुशाची माती असेल तर हे फार होतं. अशी कुंडी पाण्याच्या टबात काठापर्यंत अर्धा तास ठेवायची, बुडबुडे थांबले की बाहेर काढून निथळू द्यायची.

कुठलं पाणी, यावर एकदा स्वतंत्र लिहीन, कारण आपल्याकडे प्रश्न बऱ्याच घरांत वेळेचा नसून पाणी आहे की नाही याचाच असतो. शहराच्या काही भागांत २००८ पासून चोवीस तास पाणी आलं. आमच्या गल्लीत अजून नळाच्या दिवसाची वाट बघावी लागते. २०२३ च्या जूनमध्ये पाऊस लांबला, राकसकोप तळाला गेल्याच्या बातम्या रोज येत होत्या, तेव्हा मोगऱ्याला पाणी घालताना मला चोरी केल्यासारखं वाटायचं. तांदूळ-डाळ-भाजी धुतलेलं पाणी तेव्हापासून मी एक थेंब वाया घालवत नाही. मात्र शुद्धीकरण यंत्रातून बाहेर टाकलं जाणारं पाणी कुंड्यांना रोज घालू नका. त्यात क्षार दाटलेले असतात. मातीवर आणि कुंडीच्या अंगावर पांढरा थर दिसायला लागला की समजावं. कूपनलिकेच्या जड पाण्यानंही तेच होतं. महिन्यातून एकदा पावसाचं किंवा नळाचं भरपूर पाणी घालून ते क्षार खालून वाहू द्यावेत. त्या बाहेर टाकलेल्या पाण्यानं फरशी पुसा, अंगण धुवा.

जमिनीतल्या झाडांचं थोडक्यात. नारळ सोडला तर मोठ्या झाडाच्या बुंध्याशी पाणी ओतून उपयोग नाही. पाणी पिणारी मुळं फांद्यांच्या घेराखाली असतात, आळं तिथं करा. आळ्यात उसाचं पाचट पसरा, ते आपल्याकडे मुबलक आहे. आंब्याला मोहोराआधी पाणी नको, फळ वाटाण्याएवढं धरल्यावर द्या. रोपांच्या कडेला मडकं पुरून ते भरून ठेवायची युक्तीही अजून तितकीच चांगली आहे. चीनमधल्या दोन हजार वर्षांपूर्वीच्या शेतीच्या पुस्तकात ती आहे, आणि वैशाखात तुळशीवर गळती लावणाऱ्या आपल्या आज्ज्यांना वेगळ्या रीतीनं तेच कळलेलं होतं, थेंब थेंब आणि थेट मुळाशी.

आणि आईंचा कोपरा. मोरीच्या बाहेरच्या भिंतीलगत मी त्यांना वेगळा वाफा करून दिला. त्यात अळू, कर्दळ, पुदिना आणि ब्राह्मी लावली. ही सगळी ओलीवर खूश राहणारी मंडळी. शेजारी सिमेंटच्या टाकीत कमळाचा कंद, त्यात चार गप्पी मासे सोडलेत म्हणजे डास नकोत. तिथं त्यांनी पाच वेळा तांब्या रिकामा केला तरी मी आतून बघत राहते, काही बोलत नाही. कोरफड, अडेनियम आणि गुलाब गच्चीवर गेले. जिना आईंना चढवत नाही. या वाटणीबद्दल त्यांनी मला कधी विचारलं नाही. कळलं असेल का, हे मलाही सांगता येत नाही.

मोगरा पूर्ण गेला असं मात्र नाही झालं. ड्रम आडवा केला तेव्हा दोन फांद्यांना हिरवी साल होती. त्यांच्या वीतभर लांबीच्या सात काड्या वाळूत खोचल्या, सावलीत ठेवल्या. जूनच्या पावसात पाच कुजल्या, दोन जगल्या. एक गच्चीवर ठेवली, हमीसाठी. दुसरी आईंच्या वाफ्याजवळ, मातीच्या कुंडीत, निम्मी वाळू घालून. ती लपवून ठेवावी असं माझ्या मनात आलं होतं. पण मल्लिगी त्यांची होती.

कन्नडमध्ये ‘साकु’ म्हणजे पुरे, आणि ‘साकु’ म्हणजे पाळणं-पोसणंही. धारवाडच्या घरात कुणी कुणाला काय म्हणतंय ते संदर्भानं कळतं. मी त्यांना रोज सकाळी एवढंच सांगते, आई, आधी बोट घाला. तेवढं त्यांच्या हाताला आठवतं, डोक्याला आठवो न आठवो. परवा चहा घेऊन बाहेर गेले तर त्या मोगऱ्याजवळ पाटावर बसलेल्या, तांब्या भरलेला, उजव्या हाताची तर्जनी दोन पेरं मातीनं माखलेली. मला बोट दाखवत म्हणाल्या, ‘‘हसी अद. ब्याडा.’’ ओली आहे, नको.

आणि तो तांब्या घेऊन उठल्या, अळूकडे गेल्या.